मध्ययुगीन सचित्र हस्तलिखितांच्या प्रतिकृती : ग्रंथालयाचा संग्रह कुठून सुरू करावा?

पर्णिका

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात, दुर्मिळ पुस्तकांच्या विभागात काम करते. आमच्या एका दिवंगत प्राध्यापकांच्या घरच्यांनी विभागाला निधी दिला आहे. त्याचं व्याज दरवर्षी एकाच कामासाठी वापरायचं आहे: मध्ययुगीन सचित्र हस्तलिखितांच्या फॅक्सिमिली विकत घेणं. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते, हे चित्रांचं कॉफीटेबल पुस्तक नव्हे. पोथीचं प्रत्येक पान, अगदी कोरं पानसुद्धा, मूळ आकारात आणि मूळ क्रमाने छापलेलं असतं. सोनं, डाग, किडीची भोकं, सगळं तसंच. बांधणीही शक्य तितकी मूळच्या जवळची. सोबत अभ्यासकांनी लिहिलेला भाष्यखंड असतो.

निधीबरोबर प्राध्यापकांच्या कपाटातली एक प्रतही आली. बेरीच्या ड्यूकसाठी लिंबुर्ख बंधूंनी रंगवायला घेतलेलं 'त्रे रिश अर' हे प्रार्थनापुस्तक, ल्युसर्नच्या फाक्सिमिले फेरलागने १९८४ साली काढलेली आवृत्ती, एकूण ९८० प्रतींपैकी एक. १४१६ मध्ये तिन्ही भाऊ गेले, ड्यूकही गेला आणि काम अर्धवट राहिलं. ते बऱ्याच वर्षांनी जाँ कोलोंबने पुरं केलं. मूळ पोथी फ्रान्समध्ये शांतिई इथल्या म्युझे काँदेत आहे आणि देणगीच्या अटीमुळे तिथून कुठेही उसनी जात नाही. आमच्या गावात मात्र ती आता टेबलावर उघडता येते! पहिल्यांदा वर्गात नेली तेव्हा फेब्रुवारीच्या पानावरचा बर्फ, धुराडं आणि शेकोटीशी बसलेली माणसं बघायला मुलं एकमेकांच्या खांद्यावरून वाकत होती.

माझं मत स्पष्ट आहे. हा संग्रह हाताळण्यासाठी असावा, कुलपात ठेवण्यासाठी नाही. पण पहिली यादी करताना पेच पडलाय. एका वर्षाच्या व्याजात एखादी नवीकोरी फॅक्सिमिली कशीबशी येते, जुन्या बाजारात तेवढ्यात तीन-चार येतात. एक मोठी घ्यावी की अनेक छोट्या? प्रार्थनापुस्तकांपलीकडे काय असायलाच हवं? आणि 'सगळं नेटवर फुकट आहे' म्हणणाऱ्या समितीला काय सांगावं?

इथे छपाईतले, ग्रंथालयातले, युरोपात राहणारे बरेच जण आहेत. मोकळेपणाने लिहा.

रानवारा

वाचनखूण साठवली. विषय संपूर्ण नवा आहे माझ्यासाठी, चर्चा वाचतोय.

डब्लिनकर

छान धागा. मी तर म्हणेन 'बुक ऑफ केल्स'ने, म्हणजे आयर्लंडच्या प्रसिद्ध सचित्र शुभवर्तमानांच्या पोथीने, सुरुवात करा. साधारण इ.स. ८०० च्या आसपासची पोथी, ३४० पत्रं (दोन्ही बाजूंना लिहिलेली पानं), आणि इथे ट्रिनिटी कॉलेजात ती बघायला वर्षभर रांग. पण रांगेत उभं राहून दिसतं काय? काचेखाली उघडून ठेवलेली तेवढीच पानं. बाकीची शेकडो पानं बंदच. मी इथे इतकी वर्षं राहून मूळ पोथीची जितकी पानं पाहिली, त्याहून जास्त एका फॅक्सिमिलीत एका दुपारी पाहिली.

ती फॅक्सिमिलीही ल्युसर्नच्याच प्रकाशकांची, १९९० ची, १४८० प्रती. पोथीला धक्का लागेल म्हणून कॉलेज आधी तयार नव्हतं. मग प्रकाशकांनी खास यंत्र बनवलं. हवेच्या हलक्या शोषणाने पान सपाट धरायचं, वर काच दाबायची नाही, आणि मग फोटो. चर्मपत्राला मुळात सपाट राहायचं नसतं, ते आपल्या मनाने वाकतं, त्यामुळे ही अडचण खरी होती.

नाव सगळ्यांना माहीत असल्यामुळे विद्यार्थी आपोआप येतील.

यंत्रमित्र

समितीच्या बाजूने बोलतो, राग मानू नका. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका, व्हॅटिकनचं डिजिव्हॅटलिब, स्वित्झर्लंडचं ई-कोडिसेस, सगळीकडे हजारो हस्तलिखितं उच्च दर्जाच्या स्कॅनमध्ये आहेत, फुकट. ट्रिपल-आय-एफमुळे, म्हणजे ग्रंथालयांनी स्कॅन दाखवण्यासाठी ठरवलेल्या सामाईक पद्धतीमुळे, दोन वेगळ्या देशांतल्या पोथ्या एकाच पडद्यावर शेजारी लावता येतात. चित्राचा कोपरा इतका मोठा करता येतो की कुंचल्याचा फटकारा दिसतो. हे फॅक्सिमिलीत शक्य नाही. हजारो डॉलर छापील प्रतीत घालण्यापेक्षा वर्गात दोन उत्तम पडदे लावा आणि उरलेल्या पैशांत विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्या.

सातवी_गल्ली

एवढ्या पैशांत ठाण्यात निम्मी पार्किंगची जागा येते, यंत्रमित्रभाऊ. निदान पोथीत सोनं तरी आहे. :)

पर्णिका

यंत्रमित्र, राग कसला, हाच प्रश्न समितीत आलाय. स्कॅन मीही रोज वापरते. पण स्क्रीनवर एक गोष्ट हरवते: आकार. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्समध्ये राणी जान द एव्ह्रचं प्रार्थनापुस्तक आहे, जाँ प्युसेलने १३२४ ते १३२८ च्या दरम्यान रंगवलेलं. पान जेमतेम ९ सेंटिमीटर उंच. तळहातात मावतं. उलट स्टॉकहोमचा कोडेक्स गिगास ८९ सेंटिमीटर उंच आणि ७५ किलो वजनाचा. पडद्यावर दोन्ही एकाच चौकटीत, एकाच मापाचे दिसतात. खाली सेंटिमीटर लिहिलेले असतात, ते कोणी वाचत नाही. राणीचं पुस्तक एकटीने, डोळ्यांजवळ धरून वाचायचं होतं, हे ती छोटी प्रत हातात घेतली की विद्यार्थ्याला न सांगता समजतं. मग तो विचारतो, इतकं बारीक कसं रंगवलं? कोणत्या उजेडात? हे प्रश्न मला हवे आहेत.

डब्लिनकर, केल्सचा मोह मलाही आहे. पण तिने माझं एक वर्ष, कदाचित दोन, गिळली तर बाकीचे प्रकार कधी आणू?

भूर्जपत्र

पुण्याहून. मी हस्तलिखितांच्याच संस्थेत नोकरी केली, पण आपल्याकडच्या.

'नेटवर आहे' या मुद्द्यावर एक आठवण करून देतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि त्यांची डिजिटल हस्तलिखितं जगभरच्या अभ्यासकांसाठी बंद पडली. थोड्या दिवसांसाठी नव्हे, फार काळ. ज्यांच्याजवळ छापील फॅक्सिमिली होती त्यांचं काम चालू राहिलं. डिजिटल नको असं मी म्हणत नाही. पण प्रती अनेक ठिकाणी आणि अनेक रूपांत असाव्यात.

आणि मूळच नष्ट झालं तर? 'होर्टुस डेलिशियारुम', बाराव्या शतकात अल्सासमधल्या होहेनबुर्गच्या मठात मठाधिपती हेराडने आपल्या नन्सना शिकवण्यासाठी तयार करवलेला ज्ञानकोश. १८७० च्या ऑगस्टमध्ये प्रशियन तोफखान्याने स्ट्रासबुर्गवर मारा केला तेव्हा ग्रंथालयासकट तो जळाला. आज त्यातली चित्रं माहीत आहेत ती आधीच्या अभ्यासकांनी पारदर्शक कागदावर उतरवून घेतलेल्या रेषांमुळे. त्या नकलांवरून लंडनच्या वॉरबर्ग इन्स्टिट्यूटने १९७९ मध्ये तो जमेल तितका पुन्हा उभा केला.

दुसरं उदाहरण आणखी चटका लावणारं. तुरिनच्या प्रार्थनापुस्तकाचे फोटो फ्रेंच अभ्यासक पॉल द्युरियूने १९०२ मध्ये छापले. १९०४ च्या जानेवारीत तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आग लागली आणि तो भाग राख झाला. थोर फ्लेमिश चित्रकार यान व्हान आइकशी जोडली जाणारी काही चित्रं त्यात होती. ती आज फक्त द्युरियूच्या काळ्यापांढऱ्या पानांत आहेत. मध्ये दोन वर्षांचं अंतर!

पर्णिकाताई, ही दोन्ही उदाहरणं समितीपुढे ठेवाच.

यंत्रमित्र

भूर्जपत्र, तुरिनचं माहीत नव्हतं. मुद्दा मान्य. तरी ते मूळ संस्थेने प्रत काढण्याबद्दल झालं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने ९८० पैकी एक प्रत विकत घेतल्याने जतन कसं होतं, ते नाही पटलं. आकाराचा मुद्दा मात्र पटला.

शिशिरा

मी पॅरिसला असते. २०२५ च्या उन्हाळ्यात शांतिईला 'त्रे रिश अर'चं मोठं प्रदर्शन होतं. दुरुस्तीसाठी पोथीची बांधणी सोडली होती, म्हणून दिनदर्शिकेची पानं सुटी, एकाच वेळी बघता आली. एरवी कोणाला हे भाग्य? पान साधारण २९ बाय २१ सेंटिमीटर, आजच्या ए-४ कागदाएवढं. भोवती इतकी गर्दी होती की ऑक्टोबरच्या पानावरच्या बुजगावण्यासमोर सगळे श्वास रोखून उभे.

एक सांगते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाई दर पानाला 'हे मला आधीपासून ठाऊक आहे' म्हणत होत्या. १९४८ च्या जानेवारीत 'लाइफ' मासिकाने बाराही महिने रंगीत छापले होते, तेव्हापासून ही चित्रं कॅलेंडरांतून, बिस्किटांच्या डब्यांवरून सगळीकडे गेली. त्यामुळे लोकांना वाटतं, पुस्तक म्हणजे ती बारा चित्रं. पूर्ण फॅक्सिमिली उलटली की बाकीचं पुस्तक दिसतं: प्रार्थना, वेलबुट्टी, कोलोंबचा वेगळा हात. वर्गात बारा महिन्यांवर थांबू नका, पुढे जा.

कासव

वेगळं मत मांडतो. प्रतिकृती ती प्रतिकृतीच. कागद चर्मपत्रासारखा दिसला तरी चर्मपत्र नाही. तेवढ्याच पैशांत प्रार्थनापुस्तकाचं एखादं खरं सुटं पान लिलावात मिळतं. पंधराव्या शतकातलं, खरं कातडं, खरं सोनं. विद्यार्थ्याला ५०० वर्षांपूर्वीची वस्तू दाखवा. मी असं एक पान पाहिलंय, तो थरार कुठल्याही छपाईत नाही.

नोंदवही

कासव, थराराबद्दल शंका नाही. पण ते सुटं पान सुटं कसं झालं? कुणीतरी पुस्तक फाडलं म्हणून. ओहायोचे ओटो एगे यांनी हेच केलं. हस्तलिखितं घेऊन पानं वेगळी केली, '५० मूळ पानं' अशा पेट्या बनवून विकल्या. अनेकांच्या हाती निदान एक तरी पान पडावं, असं त्यांचं समर्थन होतं. फ्रान्समधल्या बोव्हेचं मिस्साल, म्हणजे चर्चमधल्या मासच्या प्रार्थनांचा ग्रंथ, १९४२ मध्ये विकलं गेलं आणि मग असंच विखुरलं. त्याची पानं वेगवेगळ्या ग्रंथालयांत आणि घरांत शोधून डिजिटल रूपात पुन्हा जोडायचं काम लिसा फेगिन डेव्हिस यांना करावं लागलं. आज सुट्या पानाला भाव आहे म्हणूनच उद्याही कोणीतरी पुस्तक फाडायला बसेल. सार्वजनिक ग्रंथालयाने त्या बाजारात पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

कासव

फार पूर्वी फाटलेलं पान विकत घेतल्याने आज कोणाचं पुस्तक फाटत नाही. उलट ते ग्रंथालयात सुरक्षित राहतं, सगळ्यांना दिसतं. श्रीमंताच्या बैठकीत फ्रेममध्ये गेलं तर उन्हाने जाईल.

नोंदवही

देणगी म्हणून आलं तर आनंदाने घ्यावं. विकत घेणं वेगळं. इथे आपलं जमणार नाही, पुढे जाऊ.

बोरू

मी कोल्हापूरचा, सुलेखन शिकवतो. कासव यांच्या म्हणण्यात एक भाग खरा आहे, आणि त्याला स्वस्त उपाय आहे. फॅक्सिमिलीत तीन गोष्टी नीट येत नाहीत. एक, चर्मपत्राची केसांकडची आणि मांसाकडची बाजू वेगळी लागते. एक किंचित पिवळसर आणि गुळगुळीत, दुसरी पांढुरकी, मऊ. दोन, गेसोवर (सोन्याखाली देतात त्या जाड पांढऱ्या लेपावर) चढवलेलं सोनं उठावदार असतं, पान हलवलं की उजेड त्यावरून सरकतो. सपाट छापलेलं सोनं तसं सरकत नाही. तीन, रंगाचा थर.

उपाय असा. आजही चर्मपत्र बनवणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून वासराच्या कातड्याचा एक ताव घ्या, तुकडे करा. लाजवर्दाचा एक खडा आणि त्यापासून काढलेला निळा रंग ठेवा, मध्ययुगात तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून युरोपात जायचा. गेसोवर सोन्याचा वर्ख चढवलेला एक नमुना करून घ्या. हे सगळं एका पेटीत, फॅक्सिमिलीशेजारी. मी माझ्या वर्गात बोरू, दौत आणि काजळाची शाई अशीच शेजारी ठेवतो, आधी हाताला कळतं आणि मग डोळ्याला.

पर्णिका

बोरू, ही पेटी मी उद्याच्या उद्या प्रस्तावात घालते. मनापासून आभार.

जुळारी

उशिरा आलो. जर्मनीत छापखान्यात आयुष्य गेलं, या कामांच्या आसपास बराच काळ होतो. जुन्या बाजारातली प्रत घेताना काय बघायचं ते सांगतो, कारण तिथेच फसगत होते.

भिंग घेऊन पान बघा. ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर साधं हाफटोन ऑफसेट. बारीक अक्षरांच्या कडा त्यात करवतीसारख्या दिसतात. नंतरच्या आवृत्त्यांत ठिपके विखुरलेले, अनियमित असतात, त्यात कडा स्वच्छ येतात. विसाव्या शतकातल्या काही जुन्या प्रती कॉलोटाइपमध्ये आहेत. त्यात जाळीच नाही, जिलेटिनच्या थरावरून छपाई, छटा अप्रतिम. ते काम वेळखाऊ आणि महाग, म्हणून आता जवळपास बंद पडलं. कॉलोटाइपमधली काळीपांढरी प्रत दिसली तर 'रंगीत नाही' म्हणून टाकून देऊ नका.

मग पानांच्या कडा. चांगल्या फॅक्सिमिलीत प्रत्येक पान मुळातल्या वाकड्यातिकड्या कडेप्रमाणे वेगवेगळं कापलेलं असतं. सगळी पानं सरळ एकसारखी असतील तर प्रकाशकाने तिथे पैसे वाचवले. सोन्याला बोट लावू नका, उजेडात तिरकं धरून बघा. घासलेलं असेल तर लगेच कळतं. चामड्याच्या पुठ्ठ्याची लाल भुकटी हाताला लागली तर किंमत कमी करून मागा.

आणि भाष्यखंड! बरेच विक्रेते फक्त मखमली पेटीतली देखणी प्रत दाखवतात. पानांचा क्रम कसा, कोणता हात कुठे, कोणतं पान मागाहून घातलं, हे सगळं भाष्यखंडात असतं. अभ्यासासाठी तो नसेल तर अर्धंच पुस्तक आलं.

डब्लिनकर

जुळारीकाका, फार कामाचं. केल्सचीच एक जुनी आवृत्ती आहे, उर्स ग्राफ फेरलागची १९५० च्या सुमाराची. बहुतेक पानं काळीपांढरी, ४८ रंगीत. ती चालेल का शिकवायला?

जुळारी

अक्षर शिकवायला चालेल, कला शिकवायला अपुरी. पण १९५० मध्ये काय जमत होतं आणि १९९० मध्ये काय, हे शेजारी ठेवून दाखवता आलं तर तो स्वतंत्र तास होईल.

व्हिएन्ना_कट्टा

ग्राझच्या आडेव्हा प्रकाशनाबद्दल कोणी बोललं नाही अजून! १९४९ पासूनची संस्था. 'कोडिसेस सेलेक्टी' ही त्यांची मोठी मालिका आणि 'ग्लांझलिश्टर डेर बुखकुन्स्ट' ही लहान, परवडणारी. याच मालिकेत व्हिएन्नाचा डायोस्कोरिडीस आहे. इ.स. ५१२ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये अनिशिया ज्युलियाना या राजघराण्यातल्या बाईंसाठी बनवलेला वनस्पतींचा ग्रंथ. पुढे शतकानुशतकं वैद्य तो वापरत होते. झाडांच्या चित्रांशेजारी अरबी आणि हिब्रू नावं नंतर लिहिली गेली आहेत. वनस्पतिशास्त्राची मुलंही येतील.

त्याच मालिकेत कोडेक्स २५५४, तेराव्या शतकातलं पॅरिसचं 'बिब्ल मोरालिझे', म्हणजे नीतिबोधासह सचित्र बायबल. कंपास हातात घेऊन विश्व आखणाऱ्या देवाचं ते प्रसिद्ध चित्र याचंच. चित्रं पदकांसारखी वर्तुळांत, शेजारी फ्रेंच मजकूर. विद्यार्थ्यांना चित्र आणि अर्थ यांची जोडी लावायला उत्तम.

पर्णिका, छोट्या मालिकेतल्या पाच-सहा प्रती आणि एखादी मोठी, असं मी करेन. मर्यादित आवृत्तीच्या आकड्यांना भुलू नका. बार्सिलोनाचे मोलेइरो ९८७ प्रतींची, पुन्हा कधीही न निघणारी आवृत्ती काढतात. काम देखणं, यात वाद नाही. पण तो आकडा संग्राहकासाठी महत्त्वाचा, विद्यार्थ्यासाठी नाही.

शिशिरा

मोलेइरोवर थोडा अन्याय होतोय. बेआतुसच्या हस्तलिखितांसाठी त्यांच्यासारखं काम मी पाहिलं नाही. लिएबानाच्या बेआतुसने आठव्या शतकात लिहिलेलं प्रकटीकरणावरचं भाष्य, आणि त्याच्या स्पेनमध्ये पुढच्या शतकांत निघालेल्या सचित्र प्रती. पिवळे, लाल, निळे आडवे पट्टे, मोठ्ठे डोळे, सात डोक्यांचे राक्षस. ९७५ च्या गिरोनाच्या प्रतीत चित्रकार म्हणून एंदे या स्त्रीचं नाव आहे. संग्रहात एक बेआतुस हवाच, आणि तो चांगल्या छपाईचा हवा, कारण त्यात रंग हेच सगळं आहे.

व्हिएन्ना_कट्टा

बेआतुसबद्दल शंभर टक्के सहमत. एंदेसाठी तरी.

भूर्जपत्र

थोडं अवांतर, पण धाग्याच्या जवळचंच. निधीच्या अटीत 'युरोप' शब्द नसेल तर आडेव्हाच्या याच मोठ्या मालिकेत अकबराच्या चित्रशाळेतली 'हमझानामा'ची पानं आणि क्लीव्हलंडचं 'तूतीनामा'ही आहे. काळ सोळाव्या शतकाचा, युरोपच्या हिशेबाने मध्ययुगानंतरचा, पण हाताने लिहिलेल्या आणि रंगवलेल्या पुस्तकाची परंपरा तीच जिवंत होती. १५८० मध्ये गोव्याहून गेलेल्या जेझुइटांनी अकबराला अँटवर्पचं बहुभाषी बायबल भेट दिलं. त्यातली कोरीव चित्रं मुघल चित्रकारांनी पाहिली, आणि पुढच्या चित्रांत त्यांचा धागा दिसतो. युरोपच्या कपाटाशेजारी हे कपाट शोभेल.

आणि मुंबईकरांनो, आपल्या एशियाटिक सोसायटीत दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चं सचित्र हस्तलिखित आहे, एल्फिन्स्टनने दिलेलं. मुसोलिनीने ते मोठी रक्कम देऊन मागितल्याचा किस्सा मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. तिथेच १५१६ मधलं महाभारताच्या आरण्यक पर्वाचं सचित्र हस्तलिखित आहे, मोतीचंद्र आणि कार्ल खंडालावाला यांनी १९७४ मध्ये त्यावर पुस्तक काढलं.

सातवी_गल्ली

मुसोलिनीला नाही म्हणणारे मुंबईकर! माझी छाती फुगली.

भूर्जपत्रकाका, मेवाडच्या रामायणाबद्दलही लिहा ना.

भूर्जपत्र

मेवाडचे राणा जगतसिंह यांच्यासाठी सतराव्या शतकात बनलेलं. मोठा भाग ब्रिटिश लायब्ररीत, काही भाग मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि इतरत्र. २०१४ मध्ये दोन्ही संस्थांनी मिळून पानं नेटवर एकत्र आणली. विखुरलेली पोथी जोडायला डिजिटलच उपयोगी पडलं. यंत्रमित्र, हा गुण तुमच्या पारड्यात.

यंत्रमित्र

घेतला. :)

नोंदवही

आता एक कंटाळवाणी पण महत्त्वाची गोष्ट. फॅक्सिमिलीची नोंद नीट केली नाही तर ती कोणाला सापडत नाही. विद्यार्थी 'कॉटन नीरो डी ४' (लिंडिसफार्नच्या शुभवर्तमानांच्या पोथीचा ग्रंथालय-क्रमांक) शोधतो, आणि तुमच्या यादीत फक्त प्रकाशकाने दिलेलं जर्मन शीर्षक! मार्क नोंदीत, म्हणजे ग्रंथालयांच्या संगणकीय सूचीच्या ठरावीक नमुन्यात, ५३४ हे क्षेत्र मूळ प्रतीसाठीच आहे. मूळ ग्रंथालय, तिथला क्रमांक, काळ, स्थळ, पत्रसंख्या तिथे भरा. लोक ओळखतात ते नाव वेगळ्या शीर्षकात द्या. भाष्यखंडाला स्वतंत्र जागा द्या, कारण तो शेल्फवर उभा राहतो आणि फॅक्सिमिली आडवी ठेवावी लागते. मुख्य म्हणजे त्याच नोंदीत मूळ संस्थेच्या स्कॅनचा दुवा द्या, म्हणजे स्क्रीन आणि कागद यांचं भांडणच राहत नाही.

मी एका ग्रंथालयात पाहिलंय, उत्तम फॅक्सिमिली कैक वर्षं कपाटात पडून, कारण यादीत ती 'कला, संकीर्ण' मध्ये होती.

बोरू

अजून एक सुचवतो. उट्रेख्ट स्तोत्रसंहिता. नवव्या शतकातली, फक्त शाईच्या रेषा, सोनं नाही, पण रेषांमध्ये अशी धावपळ की माणसं पानाबाहेर पडतील असं वाटतं. ती पुढे कँटरबरीला गेली आणि तिथल्या लोकांनी तिच्यावरून पुन्हा पुन्हा नव्या पोथ्या केल्या. आधी 'हार्ली ६०३' क्रमांकाची पोथी, मग एडविनची स्तोत्रसंहिता. प्रत्येक वेळी रंग बदलले, कपडे बदलले. प्रती काढणं हे मध्ययुगाचंच काम. हिची फॅक्सिमिली आडेव्हाने काढलेली आहे. सुलेखन शिकणाऱ्यांना मी हीच आधी दाखवेन.

कासव

बोरू यांची पेटी आणि ही स्तोत्रसंहिता, दोन्ही आवडलं. सुट्या पानाचा माझा आग्रह मी सोडत नाही, पण पर्णिकाताईंच्या निधीच्या अटीत ते बसणार नाही हेही खरं.

पर्णिका

सगळ्यांचे मनापासून आभार. आज समितीला पहिल्या दोन वर्षांची यादी दिली. पहिल्या वर्षी जुन्या बाजारातून: ग्लांझलिश्टरमधला डायोस्कोरिडीस, त्याच मालिकेतलं बिब्ल मोरालिझे, आणि जान द एव्ह्रचं छोटं प्रार्थनापुस्तक. शिवाय बोरूंची पेटी. दुसऱ्या वर्षी चांगल्या छपाईचा एक बेआतुस, आणि साराएव्होची हगादा, म्हणजे ज्यूंच्या पासोव्हर सणाला वाचायची पोथी. ही शेवटची मी मुद्दाम घातली. चौदाव्या शतकातली, स्पेनमधल्या ज्यू कुटुंबासाठी बनलेली पोथी. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून ती लपवली साराएव्होच्या संग्रहालयातले मुस्लिम ग्रंथपाल देर्विश कोरकुत यांनी. प्रार्थनापुस्तकांचं कपाट फक्त ख्रिस्ती असू नये. उट्रेख्ट तिसऱ्या वर्षी, आणि तूतीनामासाठी निधी देणाऱ्या कुटुंबाला पत्र लिहिलंय.

केल्स यादीत नाही, डब्लिनकर. गावातल्या एका जुन्या संग्राहकाशी देणगीबद्दल बोलणं चालू आहे. त्यांच्या मुलांना एवढं मोठं पुस्तक घरात ठेवायचं नाही असं कळलं.

समितीतल्या एका सदस्यांना तुरिनची १९०२ आणि १९०४ ही दोन सालं सांगितली. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो थेट 'कपाटं किती रुंद लागतील' हा.

डब्लिनकर

देणगीची केल्स मिळाली तर इथे फोटो टाकाच. फिकीर नाही, रांगेत मी आहेच.

नोंदवही

कपाटं: शेल्फची खोली ६० सेंटिमीटर तरी ठेवा, फळ्या सरकवता येणाऱ्या, आणि एकावर एक दोनपेक्षा जास्त खंड ठेवू नका. खालच्याचा पुठ्ठा दबतो. टेबलावर उघडताना फोमचे आधार वापरा, पूर्ण सपाट उघडू नका, पाठ तुटते. हातमोजे नकोत, धुतलेले कोरडे हात पुरे.

जुळारी

आणि डायोस्कोरिडीस मागवताना विक्रेत्याला आधी विचारा, दोन्ही खंड आहेत का. त्या मालिकेत तो दोन भागांत आहे, आणि एकटा पहिला भाग विकायला काढलेला मी बघितलाय. फोटोत दोन्ही पाठी शेजारी दिसल्याशिवाय पैसे पाठवू नका.